फडक्यावरची स्प्रिंग

त्या दिवशी आभाळ आलं होतं, पण ते पावसाचं नव्हतं. मे महिन्यातली धूळ वर चढून बसली होती आणि तिच्याआडून सूर्य तापलेल्या कढईच्या बुडासारखा तांबूस दिसत होता. वारा पार पडलेला. दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या पुढं, कडुबाचं पत्र्याचं गॅरेज होतं. एके काळी तिथं चारी बाजूंनी शेतं होती. आता प्लॉटांचे चुना मारलेले दगड आणि अर्धवट उभे खांब. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पाण्यावाचून बांधकामं थांबलेली. दुपारी तिथं माणूस नजरेला पडत नसे. बाजूच्या खोलीत लीलाबाई राहायची, तेवढाच शेजार.

सोमवारी सर्जेराव आपली जुनी जीप घेऊन आले.

"पाय उचलला तरी गाडी पळते, कडुबामामा. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, वेरूळपर्यंत. आमची राजनंदिनी चालवणार. पहिल्यांदाच घाट उतरतेय पोरगी."

कडुबानं गाडी ओळखली. न ओळखून कसं चालेल? सत्त्याऐंशीच्या दुष्काळात याच जीपच्या अपघातात सर्जेरावांचे वडील घाटात गेले होते. वळणावर गाडी आवरलीच नाही. आणि त्या सकाळी ती कडुबाच्या हाताखालून गेली होती.

सर्जेराव जाता जाता थांबले. "तेव्हा स्प्रिंग तुटली होती ना, मामा?"

"व्हय. तुटली व्हती."

एकोणतीस वर्षं कडुबा हेच सांगत आला होता.

तशी ही स्प्रिंग करंगळीएवढी वस्तू. तिचा एक आकडा कार्बोरेटरच्या दांडीला, दुसरा खालच्या पट्टीला. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती दांडी मागं ओढते आणि इंजिन शांत होतं. ती नसली तर गाडीला थांबायचं कळतच नाही.

कडुबानं जुनी, ताण गेलेली स्प्रिंग काढून टाकली आणि बाजारातून आणलेली नवी बसवली. हातानं दांडी दहा वेळा ओढून सोडली, दहाही वेळा ती खटकन मागं आली. बोनेट लावलं, दाराला कुलूप घातलं आणि तो बाहेर लिंबाच्या सावलीत बाजेवर पडला.

उन्हं कलल्यावर त्यानं बोनेट उघडलं. स्प्रिंग जागेवर नव्हती.

ती टेबलावर होती. धुतलेल्या फडक्यावर, मधोमध, आकड्याचं तोंड डावीकडं करून ठेवलेली. कुठं वाकलेली नाही, तुटलेली नाही.

कडुबाला वाटलं, वय झालं, आपणच बसवायचं विसरलो. त्यानं पुन्हा बसवली. मंगळवारी दुपारनंतर ती पुन्हा फडक्यावर. मग मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. सर्जेरावांनी जाताना तसं का विचारलं? इतक्या वर्षांनी नेमकी हीच गाडी, नेमकं हेच काम... हा माणूस आपल्याला आजमावतोय. दुसरी किल्ली करून घेतली असेल, दुपारी कुणाला तरी आत सोडत असेल.

बुधवारी तो बाजेवर गेलाच नाही. कुलूप लावून बंद दाराला पाठ टेकून बसला. मागचा पत्रा रिबिटांनी ठोकलेला. बाजूला लोखंडी जाळीची एक खिडकी. तिच्यातून हात जाईल, माणूस जायचा नाही. रस्त्यानं एक टँकर गेला, मग सगळं गप झालं. ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

आणि पाठीमागं बोनेटची कळ उघडली.

कडुबानं श्वास धरला. पेट्रोलचा वास फटीतून आला. मग आकडा दांडीवरून निसटताना होतो तो बारीक आवाज... टिक्. थोड्या वेळानं दुसरा... टिक्. घाई नव्हती. हात सरावलेला होता.

त्यानं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. फडक्यावर स्प्रिंग होती. पत्रा भट्टीसारखा तापलेला, पण स्प्रिंग हाताला माठासारखी गार लागली.

तेव्हा त्याला उमगलं, इतके दिवस काय खटकत होतं ते. कडुबा शाळेत गेला नव्हता. काढलेला पार्ट कुठला, कितवा, हे लिहून ठेवता येत नसे, म्हणून तो फडक्यावर मांडायचा. तोंड डावीकडं म्हणजे बसवायचं बाकी, उजवीकडं म्हणजे टाकायचं. ही खूण त्यानं कुणाला शिकवली नव्हती. मग सर्जेरावांच्या माणसाला ती कळली कशी? पण सर्जेराव नाहीत तर कोण, हे स्वतःला विचारायचं धाडस त्याला झालं नाही; संशय त्यानं त्यांच्यावरच ठेवला.

शनिवारी सर्जेराव लेकीला घेऊन आले. राजनंदिनी उडी मारून जीपमध्ये बसली.

"झाली ना, आजोबा? द्या किल्ली."

कडुबानं मूठ उघडली नाही. त्याच्या डोळ्यांपुढं घाटातलं वळण आलं.

"पोरी, उतर खाली. ही गाडी घाटात न्यायची नाय." मग तो सर्जेरावांकडं वळला. "पुरं झालं मालक. रोज माणूस पाठवून स्प्रिंग काढून ठेवता, ती मी बोलावं म्हनूनच ना? बोलतो. तवा स्प्रिंग तुटली नव्हती. मी साफ करायला काढली. तुमचे वडील घाई करत व्हते, मी बोनेट लावून टाकलं. ती फडक्यावरच राहिली. खबर आली, तवा मीच ती पकडीनं तोडली अन् गाडीतच सापडली म्हनून पंचांना दाखवली."

राजनंदिनी हळूच खाली उतरली.

"माणूस?" सर्जेराव कसंबसं म्हणाले. "मी सोमवारी रात्रीच मुंबईला गेलो होतो, मामा. आज सकाळी आलो. कुणाला पाठवू?"

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. लेकीचा हात धरून ते पायीच रस्त्याला लागले.

लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तोंड असं का उतरलंय, कडुबाभाऊ?"

"लीलाबाई, तुमची खिडकी आमच्या जाळीसमोर हाय. खरं सांगा... दुपारच्याला आत कुनाला बघितलं?"

"आता बया! दुसरं कोन असनार? तुमीच की. रोज वाकून काय तरी काढता, फडक्यावर मांडता. काल हाक मारली, तर वर बघून हसलात बी." तिनं पदर तोंडाला लावला. "फकस्त एक सांगा भाऊ. दुपारी कलप लावून काळंभोर डोकं करता अन् संध्याकाळी परत पांढरं. एवढं धुवायला ह्या दुष्काळात पाणी आनता कुठून?"