मंजुळाबाईंचा आवाज

बसा असे जवळ, अन् ते दार लोटून घ्या. आपल्या शहादेवच्या बाबतीत घडलेलं सांगतो. गेल्या मार्गशीर्षातली वद्य चतुर्दशीची रात्र.

शहादेवचं तेलगावात लग्नाच्या शूटिंगचं दुकान. त्या दिवशी काम होतं ते मात्र पुण्यस्मरणाचं. तात्याबा शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत साप चावून गेले, त्याला वर्ष होत होतं. रात्रीची लाइट आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले. सकाळी त्यांच्या धाकट्या भावानं, आप्पारावनं, त्यांना खोलीत पडलेलं पाहिलं. आता उद्या मांडवात मोठ्या पडद्यावर फिल्म लावायची होती. तिच्यात बोलणारे दोघंच. आप्पाराव, अन् तात्याबांच्या पत्नी मंजुळाबाई.

संध्याकाळी आप्पाराव दुकानात आला. म्हणाला, "वहिनीचा आवाज लई बारीक आलाय. ऱ्हाऊ दे तसाच. वरून बासरी टाक."

"कावून, आप्पा? वाढवतो की. दोघांचा सारखा करतो."

"सांगतो तेवढं कर बे."

शहादेवला ते खटकलं. नवऱ्याच्या कार्यक्रमात बायकोचाच आवाज नको?

शटर अर्धं ओढून, कानाला हेडफोन लावून तो कामाला बसला. आप्पारावच्या आवाजाची रेघ कम्प्युटरवर उंच उंच उसळत होती. मंजुळाबाईंची नुसती दोऱ्यासारखी. त्यानं आप्पारावचा आवाज खाली आणला, बाईंचा वाक्यावाक्यानं वर चढवत नेला. आवाज चढला की मागचं सगळंच चढतं. भांडी, कोंबड्या, लांबचा ट्रॅक्टर.

मंजुळाबाई म्हणत होत्या, "त्यांनी हाका मारल्या असतील... मला ऐकू आल्या न्हाईत."

अन् त्यांच्या मागं कुणीतरी बोललं.

पुरुषाचा आवाज. थकलेला.

शहादेवनं मागं नेऊन परत लावलं. शूटिंगच्या वेळी आप्पाराव तर अंगणात गेलेला. खोलीत बाई अन् कॅमेऱ्यामागं हा स्वतः. मग हा तिसरा कोण? कुणी खोडी केली का?

त्यानं आणखी चढवलं.

"कडी... कुणी लावली?"

कसली कडी? मोटारीच्या खोलीचं दार उघडंच होतं, असं आप्पारावनं गावाला सांगितलेलं.

शहादेवनं मंजुळाबाईंचा आवाज उतरवला. पार बंद केला. रेघ सपाट झाली.

"कडी कुणी लावली?"

तो आवाज तेवढाच. कमी न्हाई, जास्त न्हाई.

त्यानं हेडफोन काढून ठेवला. बाहेर पाहिलं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. गल्लीत कुणी नव्हतं...

पुन्हा ऐकायची त्याची छाती झाली नाही. पण बासरीही टाकली नाही. दोघांचे आवाज सारखे ठेवले अन् सकाळी फिल्म तशीच नेली.

मांडव भरला होता. आप्पारावचं बोलणं झालं. मग मंजुळाबाई. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ. बायांनी डोळ्याला पदर लावला. "...मला ऐकू आल्या न्हाईत."

शहादेवनं श्वास रोखला.

काही नाही. कुणाला काही ऐकू आलं नाही. त्यालाही नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेत आप्पाराव ताडकन उठला. ऐन थंडीत घामानं भिजलेला. पडद्याकडं हात जोडून ओरडला, "म्या न्हाई लावली कडी! दादा, म्या न्हाई!"

मागच्या रांगा उठून बघू लागल्या.

मंजुळाबाई हळूच उठून त्याच्या पुढ्यात आल्या.

"कसली कडी, भावजी?"

तो खालीच बसला. दुपारी पोलीस आले, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालेलं. रात्रभर कोंडला की भाऊ वठणीवर येईल, म्हणून बाहेरून कडी घातली. आत साप हाय, हे त्याला ठाऊक नव्हतं. हाका मात्र ऐकल्या होत्या.

शहादेवनं दुकानात येऊन ती फाइल उघडली. त्यानं दोन आवाजांच्या दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांच्या खाली तिसरी दिसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत भरलेली, एकाच उंचीची.

वाजवून पाहिली...

काहीच नाही.

पुसून पाहिली. पुसली जात न्हाई.