बाटल्यांच्या बुडांचा पडदा

पहिल्याच भेटीत त्याने तिची काच फोडली.

म्हणजे हातही लावला नव्हता हो बिचाऱ्याने! ती ड्रिल मशीनपुढे वाकून उभी होती. कानात बोळे, डोळ्यांवर गॉगल, ट्रेमधल्या पाण्यात निळी काच, आणि हिऱ्याचं बिट आरपार जायच्या अगदी बेतात... तेवढ्यात याने मागून येऊन तिच्या खांद्यावर टकटक केलं. ती दचकली, दांडा दाबला गेला आणि कट्ट! काचेचे दोन तुकडे.

"आंधळे आहात का?" ती कडाडली.

"नाही हो... चष्म्याच्या दुकानात असतो," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

कोपऱ्यात ग्राइंडरवर काचेच्या कडा घासत बसलेले काका खो खो हसले. वर्कशॉप त्यांचं, ती त्यांची पुतणी. पण तिच्या ड्रिलला हात लावायची त्यांचीही टाप नव्हती.

त्याने पिशवी रिकामी केली. बाटल्याच बाटल्या! शाईच्या, औषधाच्या, अत्तराच्या. हिरव्या, निळ्या, मधासारख्या पिवळ्या. त्याच्या आईने आयुष्यभर जमवून खिडकीत मांडलेल्या. आता आईने अंथरूण धरलं होतं आणि पडल्यापडल्या तिला खिडकीचा कट्टा दिसत नव्हता.

"तिला दिसेल असं काहीतरी करून द्या ना," तो म्हणाला. "डॉक्टरांनी फारसं काही... म्हणजे, जमेल तेवढं लवकर."

तिने एक हिरवी बाटली उजेडाकडे धरली. "बुडं कापून घेऊ. प्रत्येकाला भोक पाडायचं, तारेत ओवायची आणि खिडकीला पडदा करायचा. ऊन येतं?"

"सकाळी. भरपूर."

"मग समोरच्या भिंतीवर रंगच रंग पडतील. उंची मात्र पलंगावरून बघून ठरवावी लागेल."

"मग तुम्हालाच यावं लागेल."

"बोलावलंत तर येईन की."

"पडदा झाला की तुम्हाला न्यायला येतो," तो म्हणाला. जाताना त्याचा पाय दारात अडखळला, हे काकांनीसुद्धा पाहिलं.

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायला लागला. आल्याआल्या तिच्या डोळ्यांवरचा गॉगल मागून घ्यायचा आणि खिशातल्या मऊ फडक्याने पुसून द्यायचा.

"एवढ्या धुळीतून दिसतं तरी कसं तुम्हाला?"

"जे बघायचं ते बरोबर दिसतं," ती म्हणायची आणि घाईघाईने ड्रिल चालू करायची.

एकदा त्याने भोक पाडायचा हट्टच धरला. "असं दाबू नका," ती म्हणाली. "अर्धं इकडून, मग काच उलटी करून अर्धं तिकडून. शेवटी हात सैल. जोर केला की गेलीच."

"आणि जोर नाही केला तर?"

"तर आपणहून वाट देते."

"काचच ना?" त्याने विचारलं. ती इतकी लाजली की ट्रेमध्ये पाणी ओतायचं विसरली आणि बिट तापून लाल झालं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आणि तिथूनच ती काम रेंगाळवायला लागली. दहा मिनिटांच्या भोकाला अख्खा दिवस. बिट बोथट झालंय, पाणी गढूळ आहे, ही काच जरा रागीट आहे... एक ना दोन!

"अगं, भोक पाडतेस की विहीर खणतेस?" काका ओरडायचे.

काय करणार? पडदा झाला की हा तिला न्यायला येईल, ती पडदा टांगेल, आणि मग? मग हा कशाला येतोय इकडे? त्याचीही काही तक्रार नव्हती. उलट अधूनमधून म्हणायचा, "ही अजून एक बाटली सापडली बघ!"

आणि एके दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती आधी रुसली, मग घाबरली. राहिलेली सगळी बुडं तिने एका बैठकीत संपवली. इतकी भराभर, की काकांनी ग्राइंडर बंद करून तिच्याकडे पाहिलं.

तो आला तेव्हा खांद्यावर टकटक केली नाही. ड्रिल थांबेपर्यंत दारातच उभा राहिला.

"आई गेली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडदा घेऊन त्याच्या घरी गेली. गादी काढलेला पलंग, उशाशी औषधाचा रिकामा पेला. तिने पडदा टांगला, आणि समोरची भिंत निळी, हिरवी, पिवळी झाली.

"उंची... पलंगावरून बघायला हवी," ती सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"तू बघ. मला नाही जमणार."

ती नुसत्या फळ्यांवर आडवी झाली. भिंत डोळ्यांसमोरच होती, अगदी हवी तशी. तिला हुंदका आवरेना.

"मी मुद्दाम उशीर केला," ती म्हणाली. "तू येत राहावंस म्हणून. चारच दिवसांचं काम होतं रे! त्यांनी पाहिला असता..."

त्याने पडद्याच्या टोकाच्या काचांवरून बोट फिरवलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "शेवटच्या बाटल्या आईच्या नव्हत्याच. मीच विकत आणल्या होत्या."

ती उठून बसली. त्याने खिशातलं फडकं काढून तिच्या हातात दिलं.

"त्यांना काय सांगितलं होतंस माझ्याबद्दल?"

"की फार हळू काम करते." तो हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "तर आई म्हणाली, पडदा मरो, आधी तिला आण. दोनदा म्हणाली गं. आणि मी म्हणत राहिलो, थांब जरा, पडदा घेऊनच येईल ती."

तिने सरकून त्याला जागा करून दिली. तो तिच्या शेजारी बसला, तिचा हात घट्ट धरला आणि रिकाम्या उशाकडे वळला.

"आई," तो म्हणाला, "आणलं बघ तिला."