पाठ न केलेला होकार

माजलगावच्या स्टँडवर बीडची गाडी लागली, तशी बबितानं खिडकीतून दहावीचं इंग्रजीचं पुस्तक आत फेकलं. जागा धरायला लोक रुमाल टाकतात. तिच्याकडे रुमालच नव्हता. ढकलाढकलीतून ती आत पोचली, तर पुस्तक शेजारच्या तरुणाच्या हातात!

"कोरंच हाय की," तो हसू दाबत म्हणाला. "कधी उघडलं का न्हाई?"

"उघडते की... पण ते उघडलं की माझे डोळे मिटतात."

तो खळखळून हसला. नाव रामेश्वर. तलाठ्याच्या परीक्षेच्या क्लासला दर रविवारी बीडला जायचा. बबिता बावीस वर्षांची. आई-आबांबरोबर ऊसतोडीला जाता जाता शाळा आठवीतच सुटलेली. आता ती बाहेरून दहावीला बसली होती आणि तिचाही क्लास बीडला, रविवारीच. योगायोग म्हणा, नाहीतर एसटीची कृपा!

मग गाडीतच शिकवणी सुरू झाली. बबितानं गाईडमधले निबंध घोकले होते. एक ओळ विसरली की पुढचं सगळं पाण्यात.

"घोकू नको," रामेश्वर म्हणाला. "खिडकीतून बघ, आन् दिसंल ते इंग्रजीत सांग."

"चुकलं तर?"

"चुकू दे की! मी काय छडी घेऊन बसलोय?"

बाहेरून उसाची ट्रॉली चालली होती. मोळ्यांवर, आईच्या कुशीत, एक पोरगी झोपलेली. बबिता अडखळत म्हणाली, "द गर्ल... इज स्लीपिंग. आय... आय वॉज दॅट गर्ल."

"बरोबर हाय," रामेश्वर हळूच म्हणाला. त्याच्या नजरेत जे होतं, ते मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

आपल्यासाठी कुणी इतका जीव लावून शिकवावं, या विचारानं बबिताला भरून यायचं. शनिवारपासूनच तिला रविवारचे वेध लागायचे. ही नुसती अभ्यासाची ओढ नाही, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

पेपरच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला, "एक इचारायचं होतं... जाऊ दे."

"कावून जाऊ दे?"

"मी शिकवलं म्हणून तुला न्हाई म्हणता यायचं न्हाई. उपकाराखाली दबून दिलेला होकार मला नको."

बबिता रडकुंडीला आली. उपकार तर होतेच, आणि प्रेमही होतं. दोन्ही एकाच काळजात. निवडून वेगळं कसं दाखवायचं? पेपर तिनं नेटानं लिहिला, पण जीव या प्रश्नातच अडकला.

निकाल लागला. बबिता पास! इंग्रजीतसुद्धा! तिचे आबा, हरिबा, यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी रामेश्वरला घरी बोलावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"सर, लई उपकार झाले तुमचे," म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज कापला. सगळ्या भावकीसमोर 'सर' झालेला रामेश्वर कसनुसा हसला. आता कसलं इचारणं!

त्याला फाट्यापर्यंत सोडायला बबिता निघाली. बाभळीखाली थांबून म्हणाली, "सरांचे उपकार जलमभर इसरणार न्हाई. त्यांचा मान आबांनी केला. आता टोपी काढा."

त्यानं गोंधळून टोपी काढली.

"आता इचार, रामेश्वर." ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती.

"माझ्याशी... लगीन करशील?"

"न्हाई."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मान खाली घालून तो म्हणाला, "बरं... तुझी मर्जी."

बबिताचे डोळे भरून आले, आणि ओठांवर हसू.

"बघितलंस? मला न्हाई म्हणता येतं. आन् तुला ते ऐकताबी येतं." तिनं त्याचा हात धरला. "आता परत इचार."