बीपीची गोळी

पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये मांडून झाल्या होत्या, त्यांवर घालायच्या तर्रीला उकळी आली होती, आणि तरीही पंचफुलाबाईंना ओट्यापासून हलता येईना... बाहेर बैठकीत मारोतराव पत्नीला आणि मुलाला घेऊन त्यांच्या लेकीला, रितिकाला, पाहायला आले होते. असं स्थळ घर शोधत यावं हे केवढं भाग्य, आणि नेमकं आजच हे असं व्हावं! तर्रीत मीठ घातलं की नाही, हेही त्या अभागिनीला आठवेना.

"आणून राहिली ना वं?" नवऱ्याने, रुपरावांनी, दारातून हळूच विचारलं. आवाजात काळजी होती, पण त्याहून जास्त धाक होता.

"आणतो," त्या म्हणाल्या आणि डोळे पदराने टिपले.

काही वर्षांपूर्वी, कुठलंही कारण नसताना, त्यांचं मन असं विझलं होतं की सकाळी उठून वेणी घालणंही डोंगराएवढं वाटे. रितिकानेच त्यांना धंतोलीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. गोळ्यांनी अंगात थोडं बळ आलं, तसं बाईंनी सकाळच्या उन्हात चालणं लावून दिलं, वेळेवर जेवण, दुपारनंतर चहा बंद, ठरल्या वेळी झोप... आणि हळूहळू मनीषनगरच्या त्या घरात पंचफुलाबाईंचं हसू परत आलं. घराबाहेर मात्र याचं अवाक्षरही जात नसे. कोणी विचारलंच, तर रुपराव सांगत, "बीपीची गोळी आहे तिची."

मग हे स्थळ आलं. "पाहुण्यायले कळलं त लगन मोडते," रुपराव म्हणाले होते. "आता त तू बरी आहे. चालते, प्राणायाम करते, तेवढं पुरे नाही काय? गोळ्या सोडून दे."

लेकीच्या सुखापुढे आपल्या जिवाची काय मातब्बरी, असं म्हणून त्या माउलीने मुकाट्याने गोळ्या सोडल्या! सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग झोप उडाली, भूक मेली, छातीत धडधड सुरू झाली, आणि अखेर चपला घालून दारापर्यंत गेलेली पावलं तिथूनच मागे फिरू लागली. आपलंच चालणं कमी पडतंय, असा दोष त्या स्वतःला देत राहिल्या...

त्यांनी ट्रे उचलला. बैठकीपर्यंत आणलाही. मारोतराव हसून म्हणाले, "या वहिनी, बसा आमच्यासंगं," आणि त्या साध्या, मायेच्या शब्दाने आतला बांधच फुटला! ट्रे खळ्ळकन फरशीवर आदळला, लालभडक तर्री पसरली, आणि पंचफुलाबाई तिथेच खाली बसून लहान मुलासारख्या हुंदके देऊ लागल्या.

"उपास आहे तिचा... चक्कर आली," रुपराव घाईघाईने म्हणाले.

रितिका धावली. आईचा गार पडलेला हात हातात घेऊन तिने विचारलं, "आई, गोळ्या घेत नाहीयेस ना तू?"

"कोणत्या गोळ्या?" मारोतरावांनी विचारलं.

"बीपीच्या," रुपराव म्हणाले.

"बीपीच्या नाहीत, काका." रितिकाने वडिलांकडे न पाहता सांगितलं.

"चूप राह्य वं पोरी! तुले माही शपथ आहे!" पंचफुलाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो हळूच बाजूला सारून ती म्हणाली, "मनाच्या आजाराच्या गोळ्या आहेत. त्या घेऊन आई चांगली होती. आज ती अशी झाली आहे, ती माझ्या लग्नासाठी!"

पाहुणे सभ्य माणसं होती. पाणी घेतलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून.

"झालं समाधान?" रुपराव लेकीवर कडाडले. "तुह्यानं एक घटका चूप राहवलं नाही?"

"आणि आईला काही झालं असतं तर, बाबा? कोणी सांगितलं तिला गोळ्या सोडायला?"

रुपराव काही बोलणार, तोच पंचफुलाबाई मध्ये आल्या. "त्यायले काही नको म्हणू. मीच सोडल्या मह्या मनानं. त्यायले ठाऊकही नव्हतं!"

रुपरावांनी पत्नीकडे पाहिलं. उभं राहण्याचं त्राण नव्हतं तिच्यात, भिंत धरून उभी होती, आणि तशाही अवस्थेत ती त्यांनाच झाकत होती! ते खुर्चीत कोसळले.

"खोटं बोलून राहिली ते... मीच म्हटलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "पंचफुला, मी तुले लपवता लपवता मारूनच टाकलं असतं वं!"

दुसऱ्या दिवशी तिघेही धंतोलीला गेले. "एवढं चालते, फिरते, मंग गोळ्या काहून लागतात?" रुपरावांनी न राहवून विचारलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "औषधाने त्यांना उठायचं बळ दिलं, आणि चालण्याने, झोपेने ते टिकवलं. दोन्ही लागतं, काका. गोळी कधी आणि कशी कमी करायची ते मी ठरवीन, तेही हळूहळू. पाहुण्यांनी ठरवायचं नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण बरं वाटायला वेळ लागणार होता. रुपराव सकाळी त्यांना हात धरून बाहेर नेत, आणि कधी कोपऱ्यावरूनच परत आणत.

अशातच एका रविवारी गावाहून रुपरावांचे थोरले बंधू चंपतराव यांचा फोन आला. रुपरावांना कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर सुरू होता. "काय गा, पत्रिकेवरून मोडलं म्हणते लगन?"

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या पंचफुलाबाईंनी नळ बंद केला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागणार होतं!

"नाही दादा," रुपराव म्हणाले. "पत्रिकेचं नुसतं नाव आहे. पंचफुलाले मनाचा आजार आहे. दवा चालू आहे. मी ते बंद करायले लावली, म्हणून पाहुण्यायसमोर तिचे हाल झाले. चूक माही आहे."

पंचफुलाबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या.

"रुपराव," चंपतरावांचा आवाज एकदम म्हातारा झाल्यासारखा आला, "तुही वहिनी दिवाळीपासून जेवून नाही राहिली गा बरोबर. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी लोकायले सांगतो, गुडघे दुखतात म्हणून... कोणता दवाखाना हाय तो?"

ज्या भासऱ्यांपुढे, थोरल्या दिरांपुढे, आजवर डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय त्या बोलल्या नव्हत्या, त्यांच्याशी बोलायला पंचफुलाबाई ओल्या हातांनीच बाहेर धावल्या.

"भाऊजी, जाऊबाईले उद्याच घेऊन या," त्या फोनपाशी वाकून म्हणाल्या. "भेव नका मानू म्हणा. मी येतो त्यायच्यासंगं आतमंधी."