तडिताला दम लागतो

चंद्रावरच्या धवलपूर वसाहतीत त्या आठवड्यात एक कोडे उभे राहिले होते. ते सुटले नसते, तर निमिषा खांबेटेची मालिका शेवटच्या भागावाचूनच संपली असती.

निमिषा बारा वर्षांची. तिने स्वतः चितारलेली ‘तडिता’ ही ॲनिमे मालिका (जपानी धाटणीची चलचित्रकथा) दर रविवारी वसाहतीच्या सभागृहात दाखवली जाई. तिसऱ्या भागात नायिका तडिताने एक शिळा फोडली, तेव्हा मुले खुर्च्यांवर उभी राहिली होती. दहाव्या भागात तिने अख्खा डोंगर भुईसपाट केला, आणि मुले पाणी प्यायला उठून गेली. बळ वाढले तशी उत्कंठाही वाढायला हवी होती, ती घटली. असे का व्हावे?

त्यातच रेहाना मुजावर अडून बसली. रेहाना निमिषाची जिवलग मैत्रीण आणि तडिताचा आवाजही तिचाच. शेवटच्या भागात तडिता संतापून किंचाळते आणि त्यासरशी तिचे बळ हजारपट होते, असे निमिषाने लिहिले होते. रेहानाने ते वाचले, कागद खाली ठेवले आणि ती ध्वनिकक्षातून बाहेर पडली. पुढच्या यानाने ती आईवडिलांसह कायमची पृथ्वीवर निघाली होती. म्हणजे ध्वनिमुद्रण आता झाले नाही, तर कधीच होणार नव्हते.

“रागावून बळ येत असतं, तर मी केव्हाच पृथ्वीवर धावले असते,” ती जाता जाता म्हणाली. “आणि चौथ्या भागापासून तुझी तडिता जेवलेलीसुद्धा नाही गं.”

निमिषा फुरंगटून आजोबांकडे गेली. डॉ. खांबेटे स्नायुवैज्ञानिक होते. मोजल्याशिवाय ते चहाला गोड म्हणत नसत. ॲनिमेचे मात्र मुरलेले प्रेक्षक होते. उत्तम ॲनिमेइतके शरीराकडे बारकाईने पाहणारी कला आपल्याला दुसरी ठाऊक नाही, असे ते गंभीरपणे सांगत.

त्यांनी तिसरा भाग पुन्हा पाहिला. शिळेवर घाव घालण्याआधी तडिताचा थरथरणारा हात, फसलेले घाव, सुजलेली बोटे, मग तिची गाढ झोप.

“हे ज्यानं कुणी चितारलंय, त्याला शरीर कळतं,” आजोबा म्हणाले.

“मीच चितारलंय, आजोबा.”

“मग दहाव्या भागात तू कुठे गेली होतीस?”

निमिषाने कारण सांगितले. कथा वेगवान व्हावी म्हणून चौथ्या भागापासून तिने जेवणाची, झोपेची आणि दुखण्याची दृश्ये कापून टाकली होती. त्यात काही घडत नाही, असे तिला वाटले होते. आजोबा तिला फिरत्या खोलीकडे घेऊन गेले.

चंद्रावर प्रत्येक वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतके भरते. ही खोली मोठ्या वर्तुळात वेगाने फिरे. त्यामुळे आतला माणूस बाहेरच्या भिंतीवर दाबला जाई आणि त्याला पृथ्वीवरच्याइतके वजन जाणवे. पृथ्वीवरच्या वजनाची सवय व्हावी म्हणून आत रेहाना पायऱ्या चढत होती. थोडे चढून ती मटकन बसली. रेहाना इथे सहज चक्कर मारायला येते, असा निमिषाचा समज होता. निमिषा स्वतः इथे कधी फिरकलीच नव्हती.

आजोबांनी पडद्यावर रेहानाच्या ताकदीचा आलेख दाखवला. सराव संपताच रेषा खाली घसरत होती.

“म्हणजे सरावानं ताकद कमी होते?” निमिषा गोंधळली.

तात्पुरती होते, असे आजोबांनी सांगितले. ताण पडला की स्नायू थकतात, त्यांची थोडी झीजही होते. अन्न आणि झोप मिळाली की शरीर ती झीज भरून काढते, आणि भरताना किंचित जास्तीची भर घालते. याला अतिभरपाई (झाले त्याहून थोडे अधिक भरून काढणे) म्हणतात. रेषा पुन्हा वर चढे, पूर्वीपेक्षा जराशी उंच, ती विश्रांतीच्याच काळात. म्हणजे निमिषाने जे कापले होते, त्यातच बळ वाढत होते.

पुढे मात्र रेषेचा चढ मंदावत गेला होता. हा उतरता लाभ (तेवढ्याच कष्टाला क्रमाने कमी फळ मिळणे) होय. म्हणून दर भागात दसपट होणारे बळ मुलांना पटले नव्हते.

“आणि राग? त्याचा काहीच उपयोग नाही?”

“आहे ना. राग आला की साठवणीतलं थोडं जास्त वापरता येतं. नसलेलं कुठून आणणार?” आजोबा म्हणाले. “निमे, तडिताला काय जमणार नाही हे जोवर आम्हाला ठाऊक असतं, तोवर आम्ही जीव मुठीत धरून बसतो. ती सगळंच करू शकते म्हटल्यावर पाहायचं काय?”

निमिषाने काचेतून पुन्हा आत पाहिले. रेहाना भिंतीला धरून उठत होती.

शेवटचा भाग तिने नव्याने लिहिला. आता तडिता डोंगर फोडत नव्हती. गावकरी बाहेर पडेपर्यंत ढासळती कमान खांद्यावर पेलायची, एवढेच तिचे काम होते. ती पाने घेऊन निमिषा रेहानाच्या दारात गेली आणि आपण एकदाही सराव पाहायला आलो नाही, हेही तिने सांगून टाकले. रेहाना ऐकून घेत वाचत राहिली. मग तिने पेन मागितले.

“इथे किंकाळी खोड. खांद्यावर ओझं असताना ओरडायला श्वास कुठून येणार? इथे फक्त दम लागेल.”

ध्वनिकक्षात तिने तडिताला लागलेला तो दम आवाजात उतरवला. तो ऐकताना निमिषाला अभिनय कुठे संपतो ते कळेना.

रविवारी सभागृहात तडिताच्या खांद्यावर कमान टेकली. गावकरी निघू लागले. तिचे गुडघे थोडे वाकले, सावरले, पुन्हा वाकले. पाण्यासाठी कुणीही उठले नाही. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने मागे वळून रेहानाची बाही ओढली.

“ताई, जमेल ना हिला?”

रेहानाचे यान दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होते. तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “पण तयारी बरीच केलीय तिनं.”