केलबकाकाची गिटार

कंदील जरा बारीक करा आणि मध्ये तोंड घालू नका. काय विचारायचं ते उद्या उजेडात विचारा. हॉसियाला मी जवळून ओळखत होतो, म्हणून सांगतो.

कापूसवेचणीतला पहिला शनिवार होता. अंधार पडल्यावर हॉसिया पोरीच्या तापावर औषध आणायला याझू नदीकाठच्या दुकानाकडे निघाला. टेनी त्याची एकुलती एक, पाच वर्षांची. पाठीला गिटार होतीच. येताना दारूच्या अड्ड्यावर दोन गाणी वाजवू, असा बेत. घरात पोर तापलेली, पण खोड जाते का माणसाची?

गिटार मूळची त्याच्या गुरूची, केलबकाकाची. मेलेल्याच्या रोजच्या वापरातली वस्तू आपण थडग्यावर ठेवतो, पण फोडून. कप असो, दिवा असो, फोडायचाच. नाहीतर मेलेला त्या वस्तूमागं येतो आणि ती ज्या घरात असेल तिथलं एखादं माणूस घेऊन जातो. काका गेला तेव्हा हे काम हॉसियाकडे आलं. त्यानं दुसरीच एक जुनी गिटार फोडून ठेवली आणि खरी दडवली.

त्याची बायको लूवेनिया तेव्हाच म्हणाली होती, "मेलेल्याचं मेलेल्याला देऊन टाक."

"आणि खायचं काय, तुझा उपदेश? ही गेली की मी परत कापसात वाकलोच म्हणून समज."

तर औषध घेऊन तो परत फिरला. अड्ड्याकडे वळणार, तोच पाठीवरची तार वाजली. एकच. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"वारा असेल," तो स्वतःशीच म्हणाला. पण शेतात पानही हलत नव्हतं.

मग दुसरी तार... मग काकाच्या गाण्याची चाल. सावकाश... रडवेली... हॉसिया घराकडे पळत सुटला.

लूवेनिया दारातच उभी होती.

"टेनी गुणगुणतेय," ती म्हणाली. "काकाची चाल. आणि विचारतेय, काका बाहेर का उभाय..."

हॉसियानं औषध तिच्या हातात कोंबलं. तडक काकाच्या थडग्यापाशी गेला. गिटार डोक्यावर उचलली... हात खाली येईना. रडला गडी, खोटं कशाला सांगू. मग आपटली. पुन्हा आपटली.

सगळं गप्प झालं.

पहाटे ताप उतरला. पोरीनं मक्याची भाकर मागितली. भरवताना लूवेनियानं तिचा डावा हात धरला आणि थबकली. नवऱ्याला जवळ बोलावलं.

पोरीनं जन्मात तारेला बोट लावलेलं नव्हतं. चारही बोटांच्या टोकांना जुने, कडक घट्टे पडले होते, तारा दाबून दाबून काकाला पडले होते तसे.