कानशीची खूण

निसार मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली फटफटी एका अंगाला ओढते म्हणून कुणी परत आणल्याचं नाशकात कुणाला आठवत नव्हतं. आग्रा रोडला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. चाकांना सूत लावायचं, एक डोळा मिटून बघायचं, पाना फिरवायचा, आणि गिऱ्हाईक घाई करू लागलं की चहा पाजून गप्प बसवायचं, ही त्याची रीत.

म्हणूनच छत्तीस सालच्या दिवाळीनंतर पिंपळगावचे द्राक्षबागायतदार कोंडाजी पाटील त्याच्याकडेच आले. बायकोला, मालनबाईला, नाशकात माहेरी सोडायचं होतं. बैलगाडीत हिसके बसतात, म्हणून पाटलांनी हौसेने एका गोऱ्या साहेबाची जुनी साइडकार घेतली होती. ती फटफटीच्या डाव्या अंगाला जोडून हवी होती. निसारने सांगितलं की साइडकारमध्ये वजन पडलं की गाडी त्या अंगाला ओढते, तेव्हा बाईंना बसवूनच चाक जुळवावं लागेल. पण पाटलाच्या घरची बाई चार गड्यांसमोर दुकानात येऊन बसणार कशी? पाटलांनी वजन सांगून टाकलं, सव्वा मण. निसारने तेवढे कांदे गोणीत भरून सीटवर ठेवले, जोडणाऱ्या दांड्याचे आटे फिरवून चाक सुतात आणलं आणि तिथे कानशीने खूण केली.

चौथ्या दिवशी ओझरच्या वळणावर गाडी डावीकडे ओढली आणि नाल्यात गेली. पाटलांना खरचटलं. मालनबाई जागीच गेल्या.

निसारचं अन्नावरचं मन उडालं. आपलं सूत चुकलं का, एवढाच प्रश्न त्याला खात होता. बायको आबिदा समजूत घालून थकली.

मार्गशीर्षात पाटील गाडी घेऊन आले. साइडकार ठोकून सरळ केलेली होती, रिकामी. आता हा माणूस आपल्याला बोल लावणार, म्हणून निसार मान खाली घालून उभा राहिला. पाटील एवढंच म्हणाले, "गाडी डावीकडं ओढती, निसारभाई. जरा बघा."

निसारने रिकाम्या साइडकारच्या मापाने चाक जुळवलं. सूत तंतोतंत लागलं. स्वतः बसून रस्त्यावर नेली, तर हँडल डावीकडे चाललं. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. शेवटी, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्याने दांडा कानशीच्या खुणेपर्यंत नेला. ओढ कमी झाली, पण गेली नाही. खुणेच्या पुढे आणखी दोन आटे फिरवले तेव्हा गाडी सरळ चालली. त्याच्या अंदाजाने एक आटा म्हणजे पाच शेर; म्हणजे सांगितलेल्या वजनाहून दहा शेर जास्त.

"पाटील," तो म्हणाला, "वजन कधीचं सांगितलं होतं?"

पाटलांनी रिकाम्या सीटवरून हात फिरवला. "लग्नातलं. सातवा संपत आला व्हता तिला. बाळंतपणालाच आणीत व्हतो. गड्यांमधी कसं बोलायचं?"

म्हणजे सूत चुकलं नव्हतं. निसारला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. बाई माहेरी कशाला चालल्यात, एवढं एक त्याने विचारलं असतं तरी चाललं असतं. साइडकार काढून टाकू, असं तो म्हणाला. पाटलांनी नकार दिला.

"बसली हाय ती. असू द्या."

पंधरा दिवसांनी पाटील पुन्हा आले. अर्धा आटा वाढवावा लागला. पौषात आणखी अर्धा.

पौष संपता संपता, दिवस भरायच्या सुमारास, पाटील आले ते घाबरेघुबरे. गाडी आता उजवीकडे पळत होती.

निसारने दांडा मागे घ्यायला सुरुवात केली. वाढवलेले आटे संपले. कानशीची खूणही मागे पडली. फिरवून आणली, तरी उजवीकडेच.

"गेली का वो ती?" पाटलांनी विचारलं.

पाटील तिथेच फळीवर बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून रडले. निसारच्याही डोळ्यांना पाणी आलं. पाना हातातून न ठेवता तो रिकाम्या मापाकडे येत राहिला.

माप गाठायच्या आतच गाडी सरळ चालली. अर्ध्याहून जरासा जास्त आटा शिल्लक होता.

"पाटील," तो हळूच म्हणाला, "तीन शेर अजून आहे."

पाटलांचं रडणं थांबलं. त्यांनी अंगावरची घोंगडी काढली, तिची चौपदरी घडी सीटवर घातली आणि गाडी इतकी सावकाश नेली की एक बैलगाडी त्यांच्या पुढे निघून गेली.

माघात द्राक्षं उतरू लागली तेव्हा पाटील परत आले. निसारने सूत लावलं.

या खेपेला पाव आटा जास्त लागला.